दोन घरांचे पाच महिने

आमचं जुनं घर सिंहगड रस्त्यावर, आनंदनगरच्या आतल्या गल्लीत. तिसरा मजला, १९९४ सालची इमारत, लिफ्ट नाही. खालपासून दारापर्यंत चोपन्न पायऱ्या. एकवीस वर्षं रोज चढून-उतरूनही हा आकडा मला ठाऊक नव्हता. ऑगस्ट २०२४ मध्ये एका संध्याकाळी सासूबाई दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसल्या त्या उठेचनात. शेजारचे दोन मुलगे आणि नवरा, तिघांनी मिळून त्यांना खुर्चीत बसवून वर आणलं. मी मागून पिशवी घेऊन चढत होते आणि उरलेल्या पायऱ्या मोजत होते. त्यानंतर सासूबाई, म्हणजे आमच्या आई, सहा आठवडे खाली उतरल्या नाहीत. शनिवारचा मारुती नाही, भिशी नाही, समोरच्या बाकावर जमणाऱ्या बायका नाहीत. गॅलरीत उभं राहून त्या खालच्यांशी बोलायच्या आणि आवाज पोचला नाही की आत यायच्या.

घर बदलायचं हे ठरायला वेळ लागला नाही. आधी विकायचं की आधी घ्यायचं, यावर मात्र महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता.

आधी विकून मधले काही महिने भाड्याने राहायचं, हा रिवाजाचा मार्ग. हातात पैसे असतात, कर्ज कमी लागतं, झोप शांत लागते. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला वर्षभरात दोनदा हलवायचं? भाड्याचं घर लिफ्टचं हवं, म्हणजे महिना पंचवीस-सत्तावीस हजार, वर अनामत आणि एजंटचं एक भाडं. आमच्या कॉलेजच्या कार्यालयात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारीने असंच आधी घर विकलं होतं. नवं मनासारखं मिळेना, भाव सरकत गेले आणि अकरा महिन्यांच्या कराराचे तिला तीन करार करावे लागले. तिचं ऐकून नवरा म्हणाला, "आपण आधी घेऊ. जुनं काय, दोन महिन्यांत जाईल." हे दोन महिने कुठून आले, असं तेव्हा मीही विचारलं नाही.

घर मिळालं गणपतीत. कोथरूडला आयडियल कॉलनीच्या मेट्रो स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर, दुसरा मजला, लिफ्ट चालू, आणि लिफ्टच्या दारापर्यंत एकही पायरी नाही. हे मी मुद्दाम पाहिलं, कारण त्याआधी पाहिलेल्या तीन "लिफ्टच्या" इमारतींत लिफ्टपर्यंत जायलाच पाच-सहा पायऱ्या होत्या. घर एका वयस्कर जोडप्याचं. काकांनी ९५ सांगितले, ९२ लाखांवर जमलं. विसर्जन झालं आणि पितृपंधरवडा लागला. त्यात टोकन द्यायचं नाही हे आईंचंही मत आणि काकूंचंही. ते पंधरा दिवस मला आज फार मोलाचे वाटतात, कारण हिशेब कागदावर उतरला तो तेव्हाच.

९२ लाख ही फक्त घराची किंमत. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क पाच टक्के, त्यावर स्थानिक संस्थेचा एक टक्का आणि मेट्रोचा एक टक्का, असे सात टक्के. म्हणजे ६ लाख ४४ हजार. नोंदणी फी ३० हजार. एजंटचा एक टक्का, ९२ हजार. सोसायटीची हस्तांतरण फी २५ हजार. सरकारी परिपत्रकाप्रमाणे याहून जास्त मागता येत नाही. बँकेची प्रोसेसिंग, वकिलाचा शोध अहवाल, व्हॅल्युएशन, सगळं मिळून चाळीस हजार धरले. बेरीज एक कोटीच्या वर गेली. घराचा आकडा दोन अंकी लाखांत असताना एकूण आकडा कोटीत कसा गेला, हे आईंना समजावताना माझाच आवाज बारीक झाला.

कर्जाचंही गणित वेगळं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क, नोंदणी धरत नाहीत. ते पदरचे. शिवाय बँक पगार बघते. आमच्या दोघांचा हातात येणारा पगार मिळून एक लाख बावन्न हजार. त्यातून जुन्या घरावर लेकीच्या शिक्षणासाठी काढलेल्या तारण कर्जाचा हप्ता आधीच १४,५०० जात होता. मी नवऱ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, त्यामुळे माझ्या निवृत्तीपर्यंत धरून चौदा वर्षांची मुदत मिळाली. ६६ लाख, पावणेनऊ टक्के, हप्ता ६८,२७०. दोन्ही हप्ते मिळून ८२ हजारांच्या वर. पगाराचा निम्म्याहून मोठा वाटा.

अशाच लोकांसाठी काही बँकांकडे ब्रिज लोन असतं. जुनं घर विकेपर्यंत, साधारण दोन वर्षांपर्यंत, तात्पुरतं कर्ज. आम्ही चौकशी केली. व्याज जास्त, आणि जुनं घरही तारण द्यायला हवं. आमचं जुनं घर आधीच दुसऱ्या बँकेकडे तारण होतं. तो रस्ता तिथेच संपला.

मग जमवाजमव. मुदत ठेवी मोडून १४ लाख, म्युच्युअल फंडाचे ९, नवऱ्याच्या पीएफमधून ६. तरी पाचएक लाख कमी. धाकट्या दीरांनी न मागता तीन देऊ केले. उरलेल्यासाठी मी माझ्या पाटल्या आणि आईंचा गोफ घेऊन बँकेत गेले. सोनं तारण देताना काय करतात ते मी कधी पाहिलं नव्हतं. काउंटरच्या आत एक सराफ बसलेला. त्याने प्रत्येक डाग काळ्या दगडावर घासला, त्या सोनेरी रेघेवर थेंब टाकला, मान हलवली. मग छोट्या काट्यावर पाटली ठेवली आणि आकडा स्थिर होईपर्यंत बोट वर धरून थांबला. गोफाच्या फाशाला आईंनी कधीकाळी लाल दोरा बांधला होता, तो काढू का म्हणून त्याने विचारलं. दोऱ्याचं वजन धरत नाहीत. मी दोरा काढून पर्समध्ये ठेवला. घरी आल्यावर आईंनी फक्त एवढंच विचारलं, "पावती नीट ठेवलीस ना?"

एक गोष्ट इथेच सांगते, कारण त्यात बरेचजण चुकतात आणि आम्हीही चुकणारच होतो. महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. २०२१ पासूनची ही सवलत. आमच्या हिशेबाने थेट ९२ हजार वाचत होते. एजंट म्हणाला, "वहिनी, तुमच्या एकटीच्या नावावर घ्या की." मी खूश होते. पण आमच्या सीएने एकच प्रश्न विचारला, "जुनं घर कुणाच्या नावावर आहे?" नवऱ्याच्या. जुनं घर विकून जो भांडवली नफा होतो, त्यावरचा कर वाचवायचा तर तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ५४ नुसार विकणाऱ्याने घर घेतलेलं हवं: विक्रीच्या आधी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत. घर एकट्या बायकोच्या नावावर घेतलं तर सवलत मिळते की नाही, यावर न्यायालयांचे निकाल दोन्ही बाजूंनी आहेत. आमचा संभाव्य कर पाच लाखांच्या घरात जात होता. ९२ हजारांसाठी पाच लाख वादात टाकायचे नाहीत, असं सीए स्पष्ट म्हणाले. दोघांच्या नावावर घेतलं आणि सात टक्के भरले. आणि त्याच कलमातली ती "आधी एक वर्ष" ही अट मी कॅलेंडरच्या मागच्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवली. जुनं घर त्या वर्षात विकलं गेलंच पाहिजे.

दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, दोन लाखांची इसार पावती झाली. आमचं घर विकलं गेलं नाही तर मुदत वाढवून मिळावी, असं कलम घालता येईल का, हे मी काकांना विचारून पाहिलं. काका शांतपणे म्हणाले, "ताई, तुमचं घर कधी विकेल ते तुमच्या हातात नाही, मग माझ्या तर नाहीच नाही. मी नव्वद दिवस देतो." त्यांचं म्हणणं रास्त होतं. कुणाला नव्वद दिवसांपेक्षा जास्त थांबवायचा हक्क आम्हाला कुठे होता?

साठेखत, म्हणजे खरेदीखताआधीचा विक्रीचा करार, २८ नोव्हेंबरला नोंदवलं. निवडणुकीमुळे त्या महिन्यात तारीख मिळवायला वकिलांना बरीच खटपट करावी लागली. दुय्यम निबंधकांकडे अर्धा दिवस गेला: टोकन, फोटो, अंगठा, ओळखीचे दोन साक्षीदार, पानाला वीस रुपये हाताळणी शुल्क. घर ५० लाखांच्या वरचं, म्हणून एक टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या पैशांतून कापून सरकारकडे भरायचा कर, आम्ही कापायचा होता. काका-काकू दोघं विकणारे, आम्ही दोघं घेणारे, म्हणून २६ क्यूबीचे चार फॉर्म भरावे लागले. हे आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं. उशीर झाला तर दिवसाला दोनशे रुपये दंड लागतो. शेवटच्या आठवड्यात कळलं आणि रात्री बसून चारही भरले.

२० डिसेंबरला खरेदीखत झालं आणि ताबा मिळाला. पुढे पौष लागणार होता, त्यात आई गृहप्रवेश करणार नाहीत, म्हणून मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी, २६ डिसेंबरला, आम्ही सामान हलवलं. संध्याकाळी नव्या घरात महालक्ष्मीचा घट मांडला. आई लिफ्टने खाली गेल्या, आवारात एक फेरी मारून एकट्या वर आल्या आणि बेल वाजवली. दार मी उघडलं. पाच महिन्यांनी त्यांनी बाहेरून बेल वाजवली होती.

आता जुन्या घराविषयी. खरी कसोटी तिथे होती.

घर ऑक्टोबरपासूनच विकायला काढलं होतं. आम्ही ६५ लाख सांगत होतो, कारण मागच्या गल्लीत एकाने तेवढ्याला विकल्याचं ऐकलं होतं. ते घर पहिल्या मजल्यावर होतं आणि त्या इमारतीला लिफ्ट होती, हे आम्ही सोयीने विसरलो. लोक येत. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत बरोबरच्या ज्येष्ठ माणसाचा श्वास फुललेला असे, आणि घर बघायच्या आधीच उत्तर त्यांच्या चेहऱ्यावर दिसे. काहींचा पहिला प्रश्न, "रिडेव्हलपमेंट कधी?" आमच्या सोसायटीच्या नावावर अजून जमीनच नव्हती. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे करून देणं, झालेलं नाही, आणि बिल्डर करून देत नसेल तर ते सरकारकडून करून घेण्याचा, म्हणजे मानीव अभिहस्तांतरणाचा, अर्जही केलेला नाही. दर वार्षिक सभेत विषय निघायचा आणि चहा आला की मागे पडायचा. मीही त्या सभांना हजर असायचे आणि कधी आग्रह धरला नाही. त्याची किंमत घराच्या भावात मोजावी लागली.

डिसेंबरात एक तरुण मुलगा आला. खाजगी नोकरी, लग्न ठरलेलं, घर आवडलं. ६१ लाख ठरले, एक लाख टोकन दिलं. आम्हाला वाटलं, सुटलो. मग त्याच्या बँकेच्या वकिलाने कागद मागितले, आणि एकवीस वर्षं कपाटात सुखाने राहिलेल्या आमच्या फाइलचं खरं रूप बाहेर आलं.

शेअर सर्टिफिकेट हातात घेऊन मी पहिल्यांदाच उलटं केलं. मागच्या बाजूला हस्तांतरणाचा तक्ता असतो: क्रमांक, तारीख, नाव आणि शेवटी अध्यक्ष, सचिव, समिती सदस्य यांच्या सह्यांचे तीन रकाने. नवऱ्याच्या नावासमोर २००३ ची तारीख, अध्यक्षांची सही, सदस्याची सही. मधला रकाना कोरा. तेव्हाचे सचिव वारले त्याला दहा वर्षं झाली. म्हणजे एकवीस वर्षं आमच्या नावाची नोंद अर्धवटच होती आणि आम्ही ते कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपत होतो. नव्या समितीने ठराव करून नोंद पूर्ण करायला हवी. पहिल्या बैठकीला गणपूर्ती झाली नाही. दुसऱ्या बैठकीलाही नाही. तिसरीच्या वेळी मी एकेक दार वाजवून माणसं खाली आणली. पाच आठवडे.

दुसरं, १९९४ च्या मूळ करारनाम्याची नोंदणी पावती. घर आम्ही पहिल्या मालकाकडून घेतलेलं, त्यामुळे बिल्डर ते पहिला मालक, पहिला मालक ते आम्ही, अशी सगळी साखळी लागते. करारनामा होता, इंडेक्स टू, म्हणजे निबंधकांकडच्या नोंदीचा उतारा, होता, पावती नव्हती. वकील म्हणाले, पोलिसांत हरवल्याची नोंद, प्रतिज्ञापत्र, निबंधक कार्यालयातून दस्ताची नक्कल, आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, पंधरा दिवसांची. आपल्या घराविषयीची नोटीस पेपरात वाचताना पोटात कालवलं. "सदर मिळकतीवर कोणाचाही हक्क, हितसंबंध असल्यास..." नवरा म्हणाला, कोण येणार आहे. तरी मी पंधरा दिवस मोजले.

तिसरं, मूळ कागद सगळे तारण कर्जाच्या बँकेत. आमच्याकडे फक्त झेरॉक्स.

हे सगळं ऑगस्टमध्ये करता आलं असतं. नवं घर बघायच्याही आधी, पितृपंधरवड्यात, कधीही. त्याला एक रुपया व्याज लागत नव्हतं. डिसेंबरनंतर त्याच्या प्रत्येक आठवड्याला आम्ही व्याज भरलं. जुनं घर विकायचा नुसता विचार जरी मनात आला तरी त्याच दिवशी शेअर सर्टिफिकेट उलटं करून पाहा, हे मी आता भेटेल त्याला सांगते. मूळ करारनामे, प्रत्येकाची नोंदणी पावती, इंडेक्स टू, कंप्लिशन सर्टिफिकेट, घरपट्टीची शेवटची पावती, सोसायटीचं नो ड्यूज, हे टेबलावर मांडा. काय नाही ते तेव्हाच कळू द्या.

त्या मुलाचं पुढे जमलं नाही, पण कागदांमुळे नाही. त्याच्या बँकेच्या व्हॅल्युअरने घराची किंमत ५१ लाख धरली. तीस वर्षांची इमारत, लिफ्ट नाही, कन्व्हेयन्स नाही. कर्ज त्या ५१ च्या हिशेबाने मिळणार आणि वरचे दहा लाख पदरचे. त्याच्याकडे नव्हते. जानेवारीच्या शेवटी तो वडिलांना घेऊन आला. टोकनच्या कागदावर "खरेदीदाराने माघार घेतल्यास रक्कम परत मिळणार नाही" असं छापील वाक्य होतं. एजंटने मला बाजूला घेऊन तेच दाखवलं. त्या दिवशी आमच्या खात्यात चाळीस हजारही नव्हते, तो लाख कर्जाच्या हप्त्यात गेलेला. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्या मुलाचे वडील खुर्चीच्या कडेवर बसले होते, हातात टोपी. कर्ज न मिळणं हा त्याचा दोष नव्हता. आम्ही दहा दिवस मागून घेतले आणि पूर्ण लाख परत केले. यावर मला अनेकांनी वेडं ठरवलं. मला अजूनही ते बरोबर वाटतं.

फेब्रुवारी-मार्च हे दोन महिने मी विसरणार नाही. पाच तारखेला ६८,२७०, दहा तारखेला १४,५००, वर सोन्याच्या कर्जाचं व्याज, दोन सोसायट्यांचा मेंटेनन्स, दोन वीजबिलं. भाजी आणताना मी कोथिंबिरीची जुडी परत ठेवली आहे. लेक बंगळूरहून म्हणाली, "आई, मी पाठवते ना पैसे." तिची पहिलीच नोकरी. घेतले नाहीत, पण तिने विचारलं त्या रात्री मला रडू आलं. सात फेब्रुवारीला रिझर्व्ह बँकेने रेपो दर पाव टक्क्याने उतरवला, तेव्हा नवऱ्याने लगेच गणित करून दाखवलं की महिन्याला हजारेक रुपये वाचतील. एरवी आम्ही या बातम्या वाचतही नसू.

भाडेकरू ठेवा, असा सल्ला सगळीकडून आला. मी नको म्हटलं. रिकामं घर कधीही दाखवता येतं, आणि अकरा महिन्यांचा करार केला की ती एक वर्षाची मुदत गळ्याशी येते. पण रिकाम्या घराचंही एक असतं. सामान होतं तोवर न दिसलेलं सगळं दिसायला लागतं. बेडरूमच्या कपाटामागे ओल धरलेली, बाथरूमच्या चौकटीला वाळवीची रेघ. आम्ही पंचवीस हजार घालून ओल काढली, आतून पांढरा रंग दिला आणि किंमत ६० वर आणली. शेवटी गिऱ्हाईक निघालं ते आमच्याच इमारतीतून. बाजूच्या विंगेत सहा वर्षं भाड्याने राहणारं शिक्षक जोडपं. पाणी किती वाजता येतं, पावसाळ्यात जिना कुठे ओला होतो, कोणत्या मजल्यावर कोण राहतं, सगळं त्यांना माहीत. पायऱ्यांची त्यांना सवय होती. एवढे दिवस आम्ही वेबसाइटवर फोटो टाकत होतो आणि सोसायटीच्या फळ्यावर साधी चिठ्ठी लावली नव्हती. मार्चमध्ये लावली, तिसऱ्या दिवशी ते आले.

साडेसत्तावन्न लाख. गुढीपाडव्याला, ३० मार्चला, त्यांनी टोकन दिलं. दोन दिवसांनी एक एप्रिलपासून रेडी रेकनरचे, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकार धरतं ते, दर वाढले. ते दोघं घाबरले होते, पण आमची किंमत नव्या दराच्याही वर होती, त्यामुळे त्यांच्या मुद्रांक शुल्कात फरक पडला नाही.

तारण कर्ज सोडवण्याची रीत वकिलांनी नीट बसवून दिली. साठेखताच्या वेळी त्यांनी स्वतःच्या बचतीतले आठ लाख दिले. त्यातून ६ लाख ३० हजार भरून आम्ही जुनं कर्ज बंद केलं. कर्ज फेडल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत द्यायचे, नाहीतर दिवसाला पाच हजार भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे. शाखेत "दोन महिने लागतील, कागद मध्यवर्ती गोदामात असतात" असं उत्तर मिळालं. मी नियमाचा उल्लेख करून लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. सव्विसाव्या दिवशी फोन आला. पाकीट उघडून यादीशी एकेक कागद ताडून पाहिला, मगच सही केली.

३० मे २०२५ ला खरेदीखत झालं. दीरांचे तीन लाख त्याच दिवशी परत केले. दुसऱ्या दिवशी सोनं सोडवलं. मग ४३ लाख नव्या कर्जात भरले. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडीचा दंड नसतो. उरलं साधारण बावीस लाख. हप्ता बावीस-तेवीस हजारांवर आणता आला असता. आम्ही ३५ हजारच ठेवला, म्हणजे सुमारे सात वर्षांत संपेल. नव्या घराची किंमत नफ्यापेक्षा कितीतरी जास्त, म्हणून भांडवली नफ्यावर कर लागणार नाही. शिक्षक जोडप्याने कापलेला ५७,५०० चा टीडीएस विवरणपत्र भरल्यावर परत येईल.

मागे वळून हिशेब केला. जादा कर्जावर पाच महिन्यांचं व्याज साधारण एक लाख साठ हजार. भाड्याने राहिलो असतो तर भाडं, एजंट, दोनदा सामान हलवणं धरून खर्च जवळपास तेवढाच. त्यामुळे आधी घर घेतलं याचं मला वाईट वाटत नाही, आईंच्या बाबतीत तर मुळीच नाही. चुकला तो आमचा आकडा. आम्ही जुन्या घराचे ६५ लाख आले असं धरून नवं घर पसंत केलं होतं. ५५ धरले असते, आणि दोन महिन्यांऐवजी आठ, तर ९२ लाखांच्या घराकडे बघितलं असतं की नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही.

खरेदीखताच्या दिवशी निबंधक कार्यालयातून घरी यायला साडेचार वाजले. आई दिवाणावर बसून वाट बघत होत्या.

"किल्ल्या दिल्यास त्यांना?"

"दिल्या, आई. तीनही जोड दिले."

त्या उठल्या, देवघराच्या खालचा खण उघडला, आणि बटव्यातून एक किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. आनंदनगरच्या लॅचची, दात झिजून गुळगुळीत झालेली. तिला तो लाल दोरा बांधलेला होता, गोफाचा.

"ही राहिली होती," त्या म्हणाल्या. "उद्या जाशील तेव्हा दे. दोरा काढून घे."